काम वर्गानं, बिल वर्गमुळानं

७ नोव्हेंबर २०२५ ला दिल्ली विमानतळावर आठशेहून जास्त उड्डाणं रखडली, तेव्हा आमच्या जळगावच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर दोन निदानं आली. पहिलं : बुध वक्री आहे, दळणवळण बिघडणारच. दुसरं : सरकारी कारभार असाच असतो, एटीसी (म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण) खासगी करून टाका. पहिल्याचं उत्तर पंचांगातच होतं, कारण बुध वक्री व्हायला तेव्हा दोन-तीन दिवस अवकाश होता. दुसऱ्यानं मात्र मला आठवडाभर वही-पेन घेऊन बसवलं.

दिल्लीत बिघडली होती ती संदेश पोचवणारी यंत्रणा. कोणतं विमान कुठून कुठं, कोणत्या वाटेनं, किती उंचीवरून जाणार, ही माहिती तिच्यातून आपोआप नियंत्रकापर्यंत येते. ती येईना, म्हणून माणसांनी ते काम हातानं केलं. विमानं रखडली, पण आपटली नाहीत.

एक घोटाळा आधीच दूर करतो. धावपट्टीपलीकडं दोन पेटते दांडे हलवून विमान जागेवर लावणारा माणूस म्हणजे एटीसी नव्हे. तो मार्शलर. एटीसी म्हणजे काय हे भुसावळकरांना सांगायला सोपं जातं, कारण कोणती गाडी कधी सोडायची, कोणती थांबवायची हे बसल्या जागेवरून ठरवणारा रेल्वेचा सेक्शन कंट्रोलर त्यांना ठाऊक असतो. फरक इतकाच, की गीतांजली एक्सप्रेस स्टेशनबाहेर आउटर सिग्नलला उभी करून ठेवता येते. आकाशात आउटर नाही. फार तर घिरट्या घालायला लावायचं, आणि घिरट्यांनाही इंधन लागतं.

खानदेशावरून उंचावर पांढऱ्या रेघा ओढत जाणारी जेट विमानंही नियंत्रकांच्याच ताब्यात असतात. वेग ताशी ८४० किलोमीटर धरा, म्हणजे मिनिटाला १४. दोन विमानं समोरासमोर आली तर मिनिटाला २८. जळगाव ते भुसावळ एवढं अंतर मिनिटभरात संपलं! म्हणून रडारवर दिसणाऱ्या दोन विमानांत साधारण ५ सागरी मैल (सव्वानऊ किलोमीटर) आडवं अंतर ठेवतात, नाहीतर १००० फूट उभं. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर एक विमान १४,००० फुटांवर होतं. समोरून येणाऱ्याला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते खाली घसरलं. ३४९ माणसं गेली.

आता माझ्या आवडीचं गणित. नियंत्रक विमानं सांभाळतो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो जोड्या सांभाळतो. याचं त्याच्याशी जमतंय का, त्याचं तिसऱ्याशी? शाळेत हस्तांदोलनाचं उदाहरण असायचं, तेच हे. विमानं n असतील तर जोड्या n(n−१)/२. चार विमानांच्या ६ जोड्या, आठांच्या २८, सोळांच्या १२०. विमानं चौपट झाली, जोड्या वीसपट. सगळ्याच जोड्या धोक्याच्या नसतात, वेगवेगळ्या उंचीवरच्या बऱ्याचशा आपोआप गळतात. पण गळतात हेही कोणीतरी बघावं लागतं.

यावर उपाय जुनाच आहे : आकाशाचे तुकडे करा. सोळा विमानांचं एक सेक्टर मोडून आठ-आठची दोन केली, की जोड्या २८ अधिक २८, म्हणजे ५६. सीमेवर एकानं दुसऱ्याकडं विमान सोपवायचं काम थोडं वाढतं, तरी १२० चे ५६ झाले. दोन सेक्टरना माणसं मात्र दोन लागतात. एक रजेवर असेल आणि बदली माणूस नसेल, तर दोन्ही सेक्टर पुन्हा एकाच्या गळ्यात. म्हणजे माणूस अर्धा केला तर काम दुपटीहून जास्त होतं. नियंत्रकांच्या संघटना जगभर 'माणसं कमी आहेत' म्हणून ओरडतात, ते मला पगारवाढीचं नुसतं निमित्त वाटत नाही, ते याचमुळं.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या उबरलिंगनवर दोन विमानं धडकली, ७१ जण गेले. ते आकाश स्वित्झर्लंडच्या स्कायगाइड कंपनीकडं होतं. सहकारी विश्रांतीला गेलेला, मुख्य रडार यंत्रणेची दुरुस्ती चालू, आणि एकच नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता. स्कायगाइड नावाला कंपनी, मालक जवळजवळ पूर्णपणे स्विस सरकार. तिला सरकारी म्हणायचं की खासगी, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

(एआय हे सगळं करील, असं एका माजी मुख्याध्यापकांनी लगेच लिहिलं. जोड्या मोजून धोक्याचा इशारा देणारी यंत्रं कधीचीच आहेत. चुकीचं ऐकलेल्या पायलटला पुन्हा दटावून सांगणं ही वेगळी गोष्ट आहे.)

अमेरिकेत ३ ऑगस्ट १९८१ ला सुमारे १३,००० नियंत्रक संपावर गेले. मागण्या होत्या पगार आणि ३२ तासांचा आठवडा. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ४८ तास दिले आणि मग ११,००० हून अधिक लोकांना घरी पाठवलं. गंमत म्हणजे वर्षभर आधी याच संघटनेनं निवडणुकीत रेगन यांना पाठिंबा दिला होता. त्यानंतर एकदम भरलेली पिढी पुढं एकदमच निवृत्तीला आली.

२०१७ मध्ये तिथं एटीसी सरकारातून काढायचं विधेयक आलं, तेव्हा बाजू उलट्या लागल्या. नियंत्रकांची नवी संघटना विधेयकाच्या बाजूनं, कारण सरकारी अंदाजपत्रक अडकलं की त्यांचे पगार अडकतात. छोटी विमानं उडवणारे हौशी पायलट मात्र कडाडून विरोधात, कारण त्यांना भीती बिलाची. ते आज इंधनावरच्या करातून पैसे भरतात. उद्या टॉवरशी बोलण्याचे, हवामान विचारण्याचे वेगळे पैसे पडले, तर लोक विचारणंच टाळतील, असं त्यांचं म्हणणं. विधेयक बारगळलं. कॅनडानं मात्र १९९६ मध्येच ही सेवा दीड अब्ज कॅनेडियन डॉलरना नफा न कमावणाऱ्या, भागधारक नसलेल्या कंपनीला विकली. तिथं छोट्या विमानाला वर्षाची ठरावीक फी असते.

बिलाचा सगळ्यात मजेदार नमुना युरोपचा. दर, गुणिले अंतर भागिले १००, गुणिले वजन भागिले ५० चं वर्गमूळ. वजन टनांत. ७८ टनांचं एअरबस ए३२० घ्या : ७८/५० चं वर्गमूळ १.२५. आपल्या जळगावला उतरणारं एटीआर ७२ सुमारे २३ टनांचं : ०.६८. शिकाऊ सेस्ना १७२ सुमारे १.१ टनाचं : ०.१५. एअरबस सेस्नाच्या ७१ पट जड, पण बिल सुमारे ८.४ पट.

वर्गमूळच का? रडारवर ठिपका तो ठिपका. जड विमानामागं हवेचे भोवरे उठतात म्हणून थोडं जास्त अंतर सोडावं लागतं, पण बाकी कष्ट जवळजवळ सारखेच. त्या न्यायानं सगळ्यांना सारखं बिल लावायला हवं, आणि मग सेस्नावाला घरीच बसेल. वजनाच्या प्रमाणात लावलं, तर रावेरहून केळी भरून निघालेल्या ट्रकसारखं सगळं ओझं मोठ्यावर. वर्गमूळ ही मधली तडजोड. त्यातही २ टनांखालच्या विमानाला तिथं माफीच आहे.

आपल्याकडं एटीसी विमानतळ प्राधिकरणाकडंच आहे. २००६ मध्ये दिल्ली-मुंबईचे विमानतळ खासगी कंपन्यांकडं गेले, तेव्हाही टॉवर गेला नाही.

माझा एक जुना विद्यार्थी इथंच विमान शिकतो. हे सगळं त्याला पाठवलं, तर त्याचा फोन आला.

"सर, युरोपात असतो तर माझं बिल शून्य!"

"बरोबर. पण जोड्यांत तू शून्य आहेस का?"

"नाही ना. परवा एटीआर उतरेपर्यंत दहा मिनिटं घिरट्या घातल्या. तासाचं मीटर चालू, पैसे माझ्या बापाचे."

"मग ते कोणामुळं?"

"एटीआरमुळं." मग जरा थांबून म्हणाला, "पण तो पायलट म्हणत असेल ना सर, मधे हे पोरगं कुठून आलं?"