उपसा चाचणी (खोदलेल्या विहिरींतील)

उपसा चाचणी : विहिरीतून मोजून पाणी उपसायचे, पातळी किती वेळात किती उतरते आणि पंप बंद केल्यावर कशी भरून येते हे टिपायचे, व त्यावरून जलधराचे (पाणी साठवणाऱ्या व वाहू देणाऱ्या खडकाच्या थराचे) गुणधर्म काढायचे, अशी क्षेत्रीय पद्धती. काढावयाचे गुणधर्म मुख्यतः दोन : वहनक्षमता (जलधरातून पाणी किती सहज वाहते; एकक चौ. मी. प्रतिदिन) आणि साठवण गुणांक (पातळी एक मीटर उतरली असता जलधराच्या दर चौ. मी. क्षेत्रातून किती पाणी सुटते). प्रस्तुत नोंद दख्खनच्या बेसाल्टमधील मोठ्या व्यासाच्या विहिरींपुरती आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८०% भाग या खडकाने व्यापलेला असून येथे नलिकाकूपांसाठी (बोअरसाठी) बसवलेली सूत्रे जशीच्या तशी लावता येत नाहीत.

पद्धतीचे जनकत्व कोणाकडे द्यावे याविषयी मतभेद आहेत. दार्सीने १८५६ मध्ये वाळूतील प्रवाहाचा नियम मांडला. द्युप्युईने १८६३ मध्ये तो विहिरीकडे येणाऱ्या प्रवाहाला लावला. आडोल्फ थीम याने १८७० च्या सुमारास तसेच सूत्र वापरले आणि त्याचा मुलगा ग्युंटर थीम याने १९०६ मध्ये ते निरीक्षण विहिरींच्या आधारे प्रत्यक्ष मोजणीला जोडले. त्यामुळे काही लेखक आरंभ थीम पितापुत्रांपासून धरतात. मात्र या सर्व सूत्रांत पातळी स्थिरावलेली असावी लागते. अमेरिकन भूजलशास्त्रज्ञ थाइस याने १९३५ मध्ये घन पदार्थातील उष्णतावहनाचे गणित भूजलाला लावले (गणितात त्याला लुबिन याची मदत झाली, लेखावर मात्र नाव एकट्या थाइसचे आहे). पाणी जलधराच्या साठ्यातून सुटते आणि म्हणून उतार (पातळीची घट) काळाबरोबर वाढतो, ही कल्पना गणितात आली ती येथे. घड्याळ लावून चाचणी घेण्याला अर्थ तेव्हापासून आला, असे मानणे अधिक सयुक्तिक. कूपर व जेकब यांची सरळरेषा पद्धती १९४६ ची.

थाइसच्या सूत्रात विहिरीत स्वतःचा साठा नाही असे गृहीत असते. पापाडोपुलोस व कूपर यांनी १९६७ मध्ये हा साठा हिशेबात घेतला. त्यांच्या निकषानुसार त्रिज्येच्या वर्गाची २५० पट करून तिला वहनक्षमतेने भागले, की साठ्याचा प्रभाव नगण्य होण्यास लागणारा काळ मिळतो. वहनक्षमता ५० चौ. मी. प्रतिदिन धरली, तर १५ सेंमी. व्यासाच्या बोअरला सुमारे ४० मिनिटे पुरतात; ६ मी. व्यासाच्या विहिरीला ४५ दिवस लागतील. म्हणजे येथे चाचणीभर मुख्यतः विहीरच मोजली जाते. अशा विहिरीतून सेकंदाला ५ लिटर उपसले आणि झऱ्यांतून काहीच आले नाही, तर पातळी तासाला सुमारे ६४ सेंमी. उतरेल. प्रत्यक्षात ती ५५ सेंमी. उतरली, तर उरलेले ९ सेंमी., म्हणजे तासाला अडीच घनमीटर, एवढेच खडकाचे. पातळीच्या वाचनात २ सेंमी. चूक झाली की या आकड्यात वीस टक्क्यांहून अधिक फरक पडतो.

साधने थोडी, पण प्रत्येकाची खोड वेगळी. पातळीसाठी खुणांची केबल व टोकाला दोन विद्युतअग्रे असलेला पातळीमापक वापरतात. पाणी लागताच दिवा लागतो किंवा भोंगा वाजतो. वरच्या झऱ्याचे पाणी अंगावर पडले तरी तो वाजतो, म्हणून केबल पीव्हीसी पाइपातून सोडावी. मोजणीचा बिंदू कठड्यावर रंगाने खुणावून ठेवावा. खूण नसेल तर दोन माणसांची वाचने जुळत नाहीत. नोंदयंत्रासह दाबसंवेदक लावल्यास हवेचा दाब वेगळा मोजावा लागतो : दाबात १ हेक्टोपास्कल बदल झाल्यास वाचन सुमारे १ सेंमी. सरकते.

उपसा मोजण्यास २०० लिटरचे पिंप व स्टॉपवॉच बहुधा पुरते. ९० अंशांच्या व्ही-नॉचवर (पाटात आडव्या लावलेल्या पत्र्यातील व्ही आकाराच्या खाचेवर) खाचेतील पाण्याची उंची १० सेंमी. असता सुमारे ४.४ लिटर प्रतिसेकंद येतात, ९ सेंमी. असता ३.४. ही उंची पत्र्याजवळ नव्हे, उंचीच्या चौपट अंतर मागे मोजावी. पत्र्याजवळ पाणी खाली वळलेले असते. पातळी उतरते तसा पंपाचा उपसा घटतो, त्यामुळे व्हॉल्व्ह सुरुवातीस थोडा आवळून ठेवावा आणि मग हळूहळू उघडत न्यावा. उपसलेले पाणी शेजारच्या पाटात सोडले की ते मुरमातून परत विहिरीत येते. ते निदान शंभर मीटर दूर न्यावे. चाचणीच्या मध्येच वीज गेली तर चाचणी नव्याने घ्यावी लागते.

वाचने पहिली दहा मिनिटे दर मिनिटाला, पुढे तासापर्यंत दर पाच मिनिटांनी, नंतर विरळ.

या विहिरींत भरण्याची वाचने अधिक विश्वासार्ह, कारण पंपाची चढउतार त्यांत नसते. भारतीय पुस्तिकांत स्लिक्टरचे म्हणून रूढ असलेले सूत्र (मूळ बहुधा १९०६ चे) येथे लागते : विहिरीच्या क्षेत्रफळाला गेलेल्या मिनिटांनी भागून, आरंभीचा उतार व उरलेला उतार यांच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगरिथमने गुणावे. ६ मी. व्यासाच्या विहिरीत ३ मी. उतार चार तासांत १.५ मी. झाला, तर विशिष्ट क्षमता (उताराच्या दर मीटरमागे येणारे पाणी) मिनिटाला सुमारे ८२ लिटर प्रतिमीटर येते. सूत्र आवक उताराच्या प्रमाणात धरते. मांजऱ्या खडकातला (खनिजांनी भरलेल्या पोकळ्यांच्या बेसाल्टमधला) झरा पातळीच्या वर उघडा पडला की तो आपल्या ठरलेल्या धारेने पडत राहतो, आणि आलेखाची रेषा वाकते. झऱ्याची खोली आधीच लिहून ठेवली असेल, तरच हे वाकणे ओळखता येते. विहिरीत आडवे बोअर असल्यास त्यांची दिशा व लांबीही नोंदवावी, कारण अशा विहिरीला वर्तुळ धरून केलेला हिशेब फसतो.

साठवण गुणांक या चाचणीतून क्वचितच नीट निघतो. भूजल अंदाज समितीच्या १९९७ च्या पद्धतीत झिजलेल्या व सच्छिद्र बेसाल्टचे विशिष्ट जलोत्पादन (उघड्या जलधरातील साठवण गुणांक) १ ते ३% धरले आहे. चाचणीतून १०% आले, तर बहुधा विहिरीतलेच पाणी खडकाच्या नावे मांडले गेलेले असते. शेजारच्या विहिरीची पातळी हा उपाय, परंतु मध्ये डाइक (खडकात उभी घुसलेली अग्निज खडकाची भिंत) असेल तर शंभर मीटरवरची विहीरही हलत नाही.

पंपाविना करावयाच्या स्लग चाचणीत (व्होर्स्लेव्ह, १९५१) १ मी. लांबीचा, ९ सेंमी. व्यासाचा भरीव दंडगोल १५ सेंमी. व्यासाच्या बोअरमध्ये सोडतात. पाणी सुमारे ३६ सेंमी. चढते आणि ते ओसरण्याचा वेग मोजतात. ६ मी. व्यासाच्या विहिरीत तोच दंडगोल पातळी पाव मिलिमीटरही चढवत नाही.