एरिया ५१ : दिसलं ते खरंच होतं

दिवेलागणीच्या वेळी पूर्वेकडून पश्चिमेकडे प्रवासी विमान घेऊन निघालेला एक वैमानिक डोळ्यांसमोर आणा. काळ १९५५ नंतरचा, ठिकाण अमेरिकेचा पश्चिम भाग. विमान फार तर वीस हजार फुटांवर. सूर्य क्षितिजाखाली गेलाय, अंधारून आलंय. आणि खूप वर, जिथे कुठलंच विमान पोचू शकत नाही अशी त्याची खात्री आहे तिथे, विस्तवासारखं काहीतरी झळकतं. तो जमिनीवरच्या नियंत्रकाला कळवतो, हवाई दलाला पत्र लिहितो. तिकडून उत्तर येतं की हा निसर्गातलाच काही प्रकार असावा.

तो वैमानिक खोटं बोलत नव्हता. त्याला भासही झाला नव्हता. एरिया ५१ या अमेरिकेच्या गुप्त विमानतळाचा आणि तिथल्या कथित उडत्या तबकड्यांचा विषय निघाला की अशा साक्षीदाराला लोक एक तर डोक्यावर घेतात, नाही तर वेड्यात काढतात. त्याला नेमकं दिसलं काय, हे विचारायचं राहूनच जातं.

लास व्हेगासच्या वायव्येला साधारण १३० किलोमीटरवर ग्रूम लेक आहे. नाव तलावाचं, पण तळ कोरडा, पांढराफटक आणि टणक, आयती धावपट्टीच. १९५५ च्या एप्रिलमध्ये सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचे रिचर्ड बिसेल आणि लॉकहीड या विमान कंपनीचे रचनाकार केली जॉन्सन यांनी ही जागा छोट्या विमानातून हेरली. शेजारी अणुचाचण्यांचं मैदान असल्यामुळे तिथे परकं कुणी फिरकण्याची भीती नव्हती. नकाशावर या तुकड्याला नाव मिळालं एरिया ५१. कामगारांनी यायला तयार व्हावं म्हणून जॉन्सन त्याला ‘पॅराडाइज रँच’ म्हणत. जुलैत पहिलं यू-२ हेरगिरी विमान सुटं करून मालवाहू विमानातून तिथे आणलं गेलं. १ ऑगस्टला चाचणी वैमानिक टोनी लव्हिए ते धावपट्टीवर नुसतं पळवून बघत होते, तर चोवीस मीटर लांबीच्या पंखांनी ते आपसूकच उचललं!

यू-२ उडायचं सुमारे ७०,००० फुटांवर, म्हणजे एकवीस किलोमीटर उंचीवर. त्या काळची प्रवासी विमानं दहा ते वीस हजार फुटांवर असायची आणि साठ हजारांच्या वर माणसाचं विमान असेल असं बाहेरच्या बहुतेकांच्या मनातही येत नसे. संध्याकाळी एखाद्या गडाच्या पायथ्याच्या गावात सावली पसरते, पण बालेकिल्ल्यावर अजून पिवळं ऊन रेंगाळत असतं. तसंच हे. उंचावरून क्षितिज खाली सरकतं, म्हणून सूर्य उशिरा मावळतो. एकवीस किलोमीटरवर हा फरक साडेचार अंशांहून थोडा जास्त भरतो. म्हणजे जमिनीवर सूर्य बुडाल्यावरही यू-२ वर वीसएक मिनिटं ऊन असणार, आणि पाच किलोमीटरवरच्या वैमानिकाचा सूर्य मावळल्यावरही दहा-बारा मिनिटं. सुरुवातीची ही विमानं चंदेरी होती, काळा रंग नंतर आला. अंधारलेल्या आकाशात त्या पंखांवरून उन्हाची तिरीप परतली की खालच्या माणसाला आगीचा गोळाच दिसणार.

हवाई दलात अशा तक्रारी तपासणारा विभाग होता, प्रोजेक्ट ब्लू बुक. तिथले अधिकारी वॉशिंग्टनमध्ये सीआयएच्या यू-२ विभागाला विचारून उड्डाणांच्या नोंदी ताडून बघत. वेळ जुळायची, दिशा जुळायची, कोडं सुटायचं. पण पत्र लिहिणाऱ्याला खरं उत्तर देता येत नसे. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात टोचते. शंका फिटलेली असायची, फक्त ज्याला शंका होती त्याचीच नाही.

पन्नासच्या दशकाची अखेर आणि साठचं दशक मिळून आलेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक यू-२ आणि त्यानंतरच्या ‘ऑक्सकार्ट’ या गुप्त प्रकल्पातल्या विमानांमुळे होत्या, असं सीआयएच्या स्वतःच्या इतिहासात लिहिलं आहे. मला हा आकडा सढळ वाटतो. ब्लू बुककडे १२,६१८ तक्रारी देशभरातून आल्या होत्या आणि ही विमानं मोजकीच होती. शुक्र, उल्का, हवामानाचे फुगे यांचाही वाटा मोठा असणार. तरी संध्याकाळच्या वैमानिकांपुरतं हे स्पष्टीकरण चोख बसतं.

ऑक्सकार्टचं ए-१२ विमान १९६२ मध्ये इथूनच उडालं. ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेग, नव्वद हजार फूट उंची आणि जवळजवळ सगळा सांगाडा टायटॅनियमचा. त्यातलं बरंचसं टायटॅनियम आडून आडून खुद्द सोव्हिएत संघातूनच खरेदी केलेलं! सोव्हिएत उपग्रह डोक्यावरून जायच्या वेळा ठरलेल्या असत. त्याआधी विमानं ढकलत छपराखाली न्यायची. पुढे १९७७ मध्ये रडारला चकवणाऱ्या कोनाकोनांच्या विमानाची चाचणी इथेच सुरू झाली. त्यातून घडलेलं एफ-११७ १९८१ मध्ये इथूनच उडालं, पण सरकारने ते जाहीर केलं थेट १९८८ मध्ये.

परग्रहावरच्या यानांची गोष्ट या तळाला खरी चिकटली ती १९८९ मध्ये. बॉब लझार या माणसाने टीव्हीवर सांगितलं की जवळच्या एका गुप्त जागी आपण तसल्या यानांवर काम केलं आणि त्यांचं इंधन म्हणजे ११५ क्रमांकाचं मूलद्रव्य. ते मूलद्रव्य पुढे २००३ मध्ये रशियातल्या दुब्ना इथल्या प्रयोगशाळेत तयार झालं, आज त्याला मॉस्कोव्हियम म्हणतात. त्याचे आजवर बनवलेले अणू सेकंदभरसुद्धा टिकत नाहीत. इंधन म्हणून साठवायचं काय?

सीआयएचा तो इतिहास एरिया ५१ च्या नावासकट २०१३ मध्ये खुला झाला. त्यात आपल्याकडचंही एक पान आहे. चीनच्या आक्रमणानंतर पंडित नेहरूंनी सीमेवर यू-२ उडवायला परवानगी दिली होती, आणि २४ मे १९६४ रोजी ओडिशातल्या चारबाटिया तळावरून एक यू-२ उडालं. तीनच दिवसांनी नेहरू गेले. ग्रूम लेकच्या पांढऱ्या मातीवर जन्मलेलं विमान कटकजवळून उडत होतं, आणि आपल्या लोकांना याचा पत्ता नव्हता.

पण या तळाची मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट आकाशातली नाही. तिथे काम केलेल्या कामगारांनी आणि दोन मृत कामगारांच्या पत्नींनी १९९४ मध्ये कोर्टात धाव घेतली. त्यांचं म्हणणं असं की विमानांना लागणारी रसायनं आणि रेझिन उघड्या खड्ड्यांत जाळली जात, तो धूर अंगावर येई, आणि त्यातून आजार जडले. रडार चुकवणारा लेप नेमका कशाचा आहे, हे त्या धुरावरून शत्रूला कळू शकलं असतं. म्हणून सरकारने काहीच सांगायचं नाकारलं. सप्टेंबर १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ‘ग्रूम लेकजवळच्या हवाई दलाच्या ठिकाणाला’ घातक कचऱ्याची माहिती उघड करण्यातून सूट दिली. खटला निकालात निघाला, आणि ती सूट पुढे वर्षानुवर्षं नव्याने दिली जात राहिली. त्या खड्ड्यांत काय जळत होतं, हे त्या दोन बायकांना कोर्टातून कधीच कळलं नाही.