बाधा नव्हे, अंडाशयातली गाठ

कालपरवापर्यंत धडधाकट असलेली विशीतली मुलगी एकाएकी असंबद्ध बरळू लागली, रात्ररात्र जागू लागली, तोंडाच्या चमत्कारिक हालचाली करू लागली, की मंगळवेढा-अक्कलकोटकडच्या खेड्यांतच नव्हे, खुद्द सोलापूर शहरातही ‘बाहेरचं काहीतरी लागलंय’ हे निदान घरच्या घरी होऊन जाते. अंगारेधुपारे आटोपल्यावर मानसोपचारतज्ज्ञ आणि फिट येऊन शुद्ध हरपल्यावर मेंदूविकारतज्ज्ञ, असा क्रम लागतो. यांतल्या काही जणींना मेंदूदाह, म्हणजे मेंदूला आलेली सूज, असतो आणि त्याचे मूळ अंडाशयातल्या गाठीत असते.

मेंदूविकारतज्ज्ञ जोसेप दाल्माऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अशा १२ स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी ११ जणींच्या अंडाशयात टेराटोमा ही गाठ होती. या गाठीत केस, दात आणि काही वेळा चेतापेशीही सापडतात. भलत्या जागी दिसलेल्या या चेतापेशींविरुद्ध शरीर प्रतिपिंडे, म्हणजे परक्याला ओळखून चिकटणारी प्रथिने, तयार करते आणि तीच पुढे मेंदूवर उलटतात.

त्यांचे लक्ष्य असतो चेतापेशीच्या पृष्ठभागावरचा एनएमडीए ग्राही, म्हणजे रासायनिक निरोप टिपणारे एक प्रथिन. ग्लुटामेट हे निरोप नेणारे रसायन येऊन चिकटले तरी हा ग्राही लगेच खुला होत नाही, कारण त्याच्या मार्गात मॅग्नेशियमचा आयन अडकलेला असतो. पेशी आधीच उद्दीपित असेल तरच तो बाजूला होतो, कॅल्शियम आत शिरते आणि दोन पेशींमधला जोड बळकट होतो. स्मरणशक्तीचा हा एक पाया आहे. प्रतिपिंडाला दोन हात असतात. त्याने शेजारशेजारचे दोन ग्राही एकत्र बांधले, की पेशी ती जोडगोळी आत ओढून घेते आणि पृष्ठभागावरचे ग्राही विरळ होत जातात. केटामाइन हे भुलीचे औषध याच ग्राहीला रोखते आणि त्यानेही भास होतात, हा योगायोग नव्हे.

मोलाची गोष्ट अशी, की यात पेशी सहसा मरत नाही. प्रतिपिंडे ओसरली की ग्राही पुन्हा वर येतात. फुप्फुसाच्या एका कर्करोगात ‘हू’ नावाच्या प्रतिपिंडांसोबत होणारा मेंदूदाह याच्या उलट असतो. तिथे टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशी चेतापेशींनाच मारतात, म्हणून गेलेले फारसे परत येत नाही.

समाजमाध्यमांवर हल्ली प्रत्येक मनोविकार ‘खरे तर प्रतिकारशक्तीचा’ ठरवला जातो, तेही अंगाऱ्याइतकेच उथळ. गाठ सर्वांत नसतेच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, एनएमडीए ग्राहीविरुद्धच्या मेंदूदाहाच्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात ती सुमारे ३८ टक्क्यांत आढळली. निदान पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात ही प्रतिपिंडे सापडल्यावर पक्के होते. गाठ असल्यास ती काढतात आणि सोबत स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे) किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलण्याचे उपचार देतात. तेवढ्याने न भागल्यास रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारे औषध. सुधारणा महिनोन्महिने चालते आणि स्मरणशक्ती बहुधा सर्वांत शेवटी येते.