पहिले राष्ट्रपती आणि त्याआधीचे ‘राष्ट्रपती’

जानेवारी लागला की नागपुरातल्या शाळा-वाचनालयांत प्रश्नमंजूषांचा हंगाम सुरू होतो. ‘स्वतंत्र भारताचे पहिले राष्ट्रप्रमुख कोण?’ हा त्यातला ठरलेला प्रश्न आणि त्यावरचा वादही ठरलेला. परीक्षकाच्या कागदावर डॉ. राजेंद्रप्रसाद असतात. एखादा पोरगा राजाजींचं, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींचं, नाव घेतो आणि शून्य गुण घेऊन खाली बसतो. पण कायद्याची अक्षरं लावून वाचली तर परीक्षकाचंही उत्तर चुकतं. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळात भारत डोमिनियन होता आणि राष्ट्रप्रमुख होता लंडनचा राजा, सहावा जॉर्ज. गव्हर्नर जनरल हा त्याचा इथला प्रतिनिधी. आधी शेवटचे व्हाइसरॉयच त्या जागी राहिले, २१ जून १९४८ पासून राजाजी आले. त्या खुर्चीवरचे ते पहिले भारतीय, पण खुर्ची राजाच्या नावाची.

राजेंद्रबाबूंचं चरित्र शालेय पुस्तकांतून सगळ्यांना पाठ असतं: १८८४ साली झिरादेईत जन्म, कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत पहिला नंबर, चंपारण, १९३४ चा बिहारचा भूकंप. नागपूरकरांनी त्यात १९२३ चा झेंडा सत्याग्रह जोडून घ्यावा. सिव्हिल लाइन्समध्ये चरख्याचा झेंडा न्यायला बंदी होती, ती मोडायला देशभरातून स्वयंसेवक आले आणि इथल्या तुरुंगात गेले. त्या चळवळीच्या मागे उभ्या राहिलेल्या पुढाऱ्यांत राजेंद्रबाबूही होते आणि राजाजीही. सव्वीस वर्षांनी एकाच पदासाठी या दोघांची नावं समोरासमोर येणार होती.

त्याआधी ‘राष्ट्रपती’ या शब्दाचा गुंता. आज हा शब्द घटनेचा वाटतो, पण १९५० पूर्वी तो पक्षाचा होता. काँग्रेसच्या अध्यक्षाला हिंदी-मराठीत सर्रास राष्ट्रपती म्हणत. १९३७ साली तेव्हाच्या अध्यक्षांवर ‘राष्ट्रपती’ याच मथळ्याचा एक टीकालेख चाणक्य या टोपणनावाने छापून आला. या माणसात हुकूमशहा दडलाय, सावध राहा, असा त्याचा रोख. लेख खुद्द अध्यक्षांनीच लिहिला होता, हे नंतर उघड झालं.

१९३९ चं अधिवेशन जबलपूरजवळ त्रिपुरीला भरलं, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत-वऱ्हाडातच. बावन्नावं अधिवेशन म्हणून मिरवणुकीला बावन्न हत्ती. निवडून आलेले राष्ट्रपती तापाने फणफणलेले, त्यामुळे मिरवणुकीत त्यांचा फोटो फिरला. महिनाभराच्या झगड्यानंतर त्यांनी राजीनामा दिला आणि ते पद राजेंद्रबाबूंकडे आलं. १९३४ सालीही त्यांनी ते भूषवलं होतंच. थोडक्यात, भारताचे राष्ट्रपती होण्यापूर्वी ते त्या जुन्या अर्थाने ‘राष्ट्रपती’ होऊन गेले होते.

घटना समितीत हा शब्द सरळ आला नाही. १९४७ च्या आराखड्यात ‘प्रेसिडेंट’पुढे कंसात राष्ट्रपती होतं. १९४८ च्या मसुद्यात कंस गळाला. तो का गळाला, असं त्या वर्षीच्या डिसेंबरात विचारलं ते मध्य प्रांत-वऱ्हाडातून गेलेल्या एका सदस्याने. भाषांतराचं काम वेगळं चालू आहे, शब्द तिथे ठरेल, अशा आशयाचं उत्तर मिळालं. आणि हिंदी भाषांतर समितीचे अध्यक्ष कोण होते? नागपूरच्या विधानसभेचे सभापती. प्रशासनाला नवे संस्कृत शब्द घडवून देणारे एक नामवंत कोशकारही त्या काळात नागपुरातच कोशाचं काम करत होते आणि घटना समितीत आपल्याच प्रांताचे प्रतिनिधी होते. दिल्लीच्या इतिहासात नागपूरला तळटीपही मिळत नाही, म्हणून हे जरा ठासून लिहितोय.

आता निवड. सप्टेंबर १९४९ मध्ये पंतप्रधानांनी राजेंद्रबाबूंना कळवलं की राजाजींनाच पुढे चालू ठेवावं, बदल म्हणजे उगाच उलथापालथ. वरवर पाहता यात गैर काही नव्हतं. राजाजी पदावर होतेच, राजशिष्टाचार त्यांना ठाऊक होता. राजेंद्रबाबू दुखावले. पक्षाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा सदस्यांनी असा गलका केला की पंतप्रधानांना माघार घ्यावी लागली. कारण १९४२. ‘छोडो भारत’च्या वेळी राजाजी पक्षाबाहेर पडले होते, आंदोलनाला त्यांचा विरोध होता आणि फाळणीची मागणी मान्य करा असं ते उघड म्हणत होते. विदर्भातून पाहिलं तर हा राग समजायला कठीण नाही. १६ ऑगस्ट १९४२ ला आष्टी आणि चिमूरमध्ये रक्त सांडलं, त्यानंतर गावंच्या गावं पोलीस-लष्कराच्या तावडीत सापडली. त्या जखमेवर सात वर्षांत खपली धरत नाही. राजाजी बुद्धीने उजवे होते, हे त्यांचे विरोधकही मान्य करत. पण राष्ट्रपती निवडला तो बेचाळीसच्या हजेरीपटावरून, असं माझं मत. सरदारांचा कल कुठे होता यावरही पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. ती इथे नकोत.

२४ जानेवारी १९५० ला एकच उमेदवारी अर्ज होता, निवड बिनविरोध झाली. २६ तारखेला सकाळी १० वाजून १८ मिनिटांनी प्रजासत्ताकाची घोषणा झाली, सहा मिनिटांनी शपथ. घोषणा वाचली ती मावळते गव्हर्नर जनरल राजाजींनीच.

पुढची बारा वर्षं शांत नव्हती. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदूंचे विवाह-वारशाचे कायदे बदलू पाहणाऱ्या हिंदू कोड बिलावर आपण स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेऊ इच्छितो, असं राष्ट्रपतींनी पंतप्रधानांना लिहिलं. कायदेपंडितांनी मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक असल्याचं सांगितलं, पण अनुच्छेद ७४ मध्ये तसं सरळ लिहिलेलं नव्हतं. नोव्हेंबर १९६० मध्ये राजेंद्रबाबूंनी जाहीर भाषणातच या अधिकारांचा अभ्यास व्हावा असं सुचवलं. उत्तर मिळालं त्यांच्या निधनानंतर: १९७४ ला सर्वोच्च न्यायालयाकडून, आणि १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने सल्ला बंधनकारक झाला. १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली.

नागपूरला या खुर्चीचा सर्वांत जवळचा स्पर्श झाला १९६९ मध्ये. राष्ट्रपतींचं निधन झालं होतं, काम पाहणाऱ्या उपराष्ट्रपतींनी निवडणूक लढवायला राजीनामा दिला, म्हणून २० जुलै ते २४ ऑगस्ट असे पस्तीस दिवस सरन्यायाधीश कार्यकारी राष्ट्रपती झाले. ते मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी आणि नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष दिल्लीत आले ते नेमके याच दिवसांत.

राष्ट्राध्यक्ष, राष्ट्रपती नव्हे. मराठी वर्तमानपत्रांनी ही वाटणी केव्हाच करून टाकली आहे: बाहेरचे ते राष्ट्राध्यक्ष, आपले तेवढे राष्ट्रपती. २००७ मध्ये खान्देशच्या बाई त्या पदावर गेल्या तेव्हा ‘पती’चं काय करायचं यावर चावडीपासून संपादकीयापर्यंत चर्चा झाली. शब्द बदलला नाही. २०२२ मध्ये त्याच शब्दाचं ‘पत्नी’ करून बोलल्याबद्दल एका खासदाराला माफी मागावी लागली.