लांडगे परतले, ओढ्याचं काय?

यलोस्टोनमध्ये लांडगे सोडले आणि नद्यांनी वाट बदलली, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. तिचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसऱ्यात बरीच भर पडली आहे.

अमेरिकेतल्या या उद्यानातले शेवटचे लांडगे १९२६ साली मारले गेले. नंतर उद्यानाचे कर्मचारीच १९६८पर्यंत एल्क हरणं मारून किंवा बाहेर पाठवून त्यांची संख्या आवरत होते. ते थांबलं आणि १९९४च्या सुमारास उत्तरेकडचा कळप १९ हजारांच्या घरात पोचला. बर्फानं गवत गाडलं की एल्क ओढ्याकाठच्या विलोचे (हे वाळुंजाच्या कुळातलं झुडूप) कोवळे शेंडे खुडतात. दर हिवाळ्यात शेंडा गेला की झुडूप खुरटंच राहतं.

१९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणले. लगेच मोकळे सोडले तर ते मूळ मुलखाच्या दिशेनं निघून जाण्याची भीती होती, म्हणून काही आठवडे कुंपणात ठेवून मग दार उघडलं.

लांडगा समोर दिसेल ते जनावर मारत नाही. धडधाकट एल्कची एक लाथ त्याचा जीव घेऊ शकते आणि बहुतेक पाठलाग फसतातच. म्हणून हाती लागतात ती पिल्लं, म्हातारी आणि हिवाळ्यानं खंगलेली जनावरं. बंदूकवाला शिकारी मात्र ऐन वयातली मादीही टिपतो. कळपाची वाढ खुंटते ती त्यानं. लांडग्यांच्या शिकारीतलं उरलंसुरलं मांस डोमकावळे, गरुड आणि अस्वलांना मिळतं, तेही हिवाळ्याच्या शेवटी एकदम नव्हे, हिवाळाभर थोडंथोडं.

२०१३पर्यंत एल्क चार हजारांच्या आसपास आले. याचं सगळं श्रेय लांडग्यांना देणं चूक ठरेल. अस्वलं आणि प्यूमा (मोठी रानमांजरं) वाढले होते, उद्यानाबाहेर शिकार चालू होती, दुष्काळही पडला होता.

एल्क घटले, तरी अनेक ओढ्यांवर विलो वाढलाच नाही. लांडगे नसलेल्या दशकांत विलो संपला, त्यावर जगणारे बीव्हर (ओढ्यावर फांद्यांचे बांध घालणारे कुरतडे प्राणी) गेले, त्यांचे बांध फुटले. अडवायला कोणी नसल्यानं पाण्यानं तळ खरवडला, ओढा खोल गेला आणि काठाखालची भूजल पातळी मुळांच्या आवाक्याबाहेर उतरली. संशोधकांनी २००१पासून काही ठिकाणी एल्कना रोखायला कुंपण घातलं, काही ठिकाणी छोटे बांध घालून पाणी वर आणलं, काही ठिकाणी दोन्ही केलं. नुसत्या कुंपणानं फारसं साधलं नाही. दोन्ही केलं तिथेच विलो दोन मीटरच्या वर गेला. थोडक्यात, बीव्हरला उंच विलो हवा आणि विलोला बीव्हरचा बांध. हा तिढा लांडग्याला एकट्यानं सुटत नाही. जिथे ओढा इतका खोल गेला नव्हता, तिथे विलो सावरलाही.

लांडगे नुसते असून भागत नाही, हे अमेरिकेतल्याच सुपिरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर दिसलं. १९८०मध्ये तिथे ५० लांडगे होते. कुत्र्यांचा पार्व्हो विषाणू पोचला आणि दोनच वर्षांत १४ उरले. नव्या रक्ताअभावी आपसातच जोड्या जुळत गेल्या, मणके वेडेवाकडे असलेली पिल्लं जन्मली. अखेर दोनच लांडगे राहिले, तेही बाप-लेक. त्यांचं भक्ष्य असलेले मूस (हरणाच्या कुळातलं मोठं जनावर) दोन हजारांवर गेले. २०१८-१९ मध्ये १९ लांडगे बाहेरून आणावे लागले. २०२३पर्यंत मूस हजाराच्या आत आले. पूर्वी सरोवर गोठलं की लांडगे बर्फावरून चालत बेटावर येत. आता असा बर्फ क्वचितच धरतो, त्यामुळे पुढेही अधूनमधून लांडगे माणसालाच पोचवावे लागतील.