शिअर-थिनिंग की थिक्सोट्रॉपी? ढवळल्यावर पातळ होणाऱ्या द्रवांचे दोन स्वभाव

रंग, छपाईची शाई, तेलविहीर खोदताना वापरला जाणारा चिखलासारखा द्रव म्हणजे ड्रिलिंग मड. ढवळलं की हे सगळे पातळ होतात, आणि म्हणून सरसकट ‘थिक्सोट्रॉपिक’ म्हणवले जातात. कारखाना आणि विद्यापीठ एकत्र काम करतात तेव्हा हा घोळ वेळीच निस्तरावा लागतो, कारण शिअर-थिनिंग आणि थिक्सोट्रॉपी या दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

शिअर-थिनिंगमध्ये श्यानता, म्हणजे द्रवाचा घट्टपणा, ढवळण्याच्या वेगावर ठरते. झँथन गम या घट्टपणा आणणाऱ्या डिंकाच्या द्रावणात लांब रेणू प्रवाहाच्या दिशेने वळतात आणि द्रव पातळ होतो. वेग कमी केला की जवळजवळ लगेच पूर्ववत. थिक्सोट्रॉपीत वेळेचाही हिशेब येतो. बेंटोनाइट मातीचे चपटे कण पाण्यात एकमेकांना धरून जाळं तयार करतात. वेग तोच ठेवून ढवळत राहिलं तरी जाळं तुटत जातं, श्यानता उतरत राहते. थांबल्यावर ते पुन्हा उभं राहतं, पण सावकाश. थिक्सोट्रॉपिक द्रव सहसा शिअर-थिनिंगही असतो. प्रत्येक शिअर-थिनिंग द्रव मात्र थिक्सोट्रॉपिक नसतो.

विहिरीवर या सावकाशपणाला फार महत्त्व आहे. पंप थांबला की मडने दगडाचा चुरा अधांतरी धरून ठेवायला हवा, नाहीतर तो खाली बसून ड्रिल अडकतं. जाळं फारच घट्ट झालं तर पंप पुन्हा सुरू करताना इतका दाब लागतो की आजूबाजूचा खडक फुटू शकतो. म्हणूनच मड १० सेकंद आणि १० मिनिटं स्थिर ठेवून दोनदा जेल स्ट्रेंग्थ (जाळ्याची ताकद) मोजायची प्रमाण पद्धत आहे. दोन आकड्यांमधलं अंतर बोलकं असतं. नुसता श्यानतेचा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

भिंतीवरच्या रंगाचंही तसंच. जाळं झटकन सावरलं तर ब्रशच्या रेघा राहतात, उशीर झाला तर ओघळ येतात.

कारखाना आणि विद्यापीठ ही जोडी जुनी आहे. १९१९ साली रसायनशास्त्राचे प्राध्यापक युजीन बिंगहॅम आणि उद्योगातले संशोधक हेन्री ग्रीन यांनी मिळून दाखवलं की रंग हा साधा श्यान द्रव नाही. ताण ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर तो वाहतच नाही. पुढे १९४०च्या दशकात ग्रीन आणि रूथ वेल्टमन यांनी वेग चढवत-उतरवत नेऊन मिळणाऱ्या हिस्टेरिसिस लूपवरून (चढतानाची आणि उतरतानाची रेघ वेगळी पडून आलेखावर तयार होणाऱ्या फासावरून) थिक्सोट्रॉपी अभ्यासली. लूप आजही लोकप्रिय आहे, पण माझ्या मते एकट्या लूपवर निर्णय घेऊ नये: वेग किती झपाट्याने बदलला यावर त्याचं क्षेत्रफळ बदलतं, आणि उपकरणाच्या जडत्वामुळेही खोटा लूप उमटू शकतो.

त्यापेक्षा तीन टप्प्यांची चाचणी बरी. आधी मंद वेग, मग जोरदार, मग पुन्हा मंद. तिसऱ्या टप्प्यात श्यानता लगेच मूळ पातळीला आली तर ते शिअर-थिनिंग. हळूहळू चढत गेली तर थिक्सोट्रॉपी, आणि चढायला लागलेला वेळ हाच कारखान्याला हवा असलेला आकडा.