बरणीतला मासा, बंदरावरचा मासा

दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरात लिलावाच्या वेळी पहिल्यांदा जाणाऱ्याला काहीच उमगत नाही. होड्या आत पाण्यात नांगरलेल्या, माल बैलगाडीतून किनाऱ्याला लागतो, वाळूवर वाटे मांडले जातात. पापलेट, हलवा, बांगडा, म्हाकूळ, मध्येच एखादी मुशी, सगळं एकदम अंगावर येतं. मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी वही उघडून उभा राहतो आणि चार नावं लिहीपर्यंत वाटे उचललेले असतात. परतताना त्याची खात्री असते, की आज दिवस फुकट गेला.

कॉलेजच्या संग्रहालयात असं होत नाही. तिथे फॉर्मॅलिनमध्ये टिकवलेल्या माशांच्या बरण्या ओळीनं लावलेल्या असतात, एकेका कुळाला एकेक फळी आणि प्रत्येक बरणीला चिठ्ठी. रंग उडालेले, पण नाव ठळक. अर्ध्या तासात पानं भरतात आणि आपल्याला मासे ओळखता येतात असं वाटू लागतं. विद्यापीठीय शिक्षणात वर्गाबाहेर काय घडतं हे समजून घ्यायचं, तर या दोन ‘वाटण्यां’पासून सुरुवात करावी लागते. कारण दोन्ही फसवी आहेत.

नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात मासे नव्हते, चित्रं होती. १२ चित्रकार घेतले, प्रत्येकाची सहा निसर्गचित्रं. काही चित्रकारांची सहाही चित्रं लागोपाठ दाखवली आणि उरलेल्यांची एकमेकांत मिसळून. मग न पाहिलेलं चित्र समोर ठेवून विचारलं, हे कोणाचं? मिसळून दाखवलेल्या चित्रकारांची शैली लोकांना जास्त अचूक ओळखता आली. गंमत पुढे आहे. कोणत्या पद्धतीनं जास्त शिकलात, असं विचारल्यावर बहुतेकांनी लागोपाठच्या पद्धतीचं नाव घेतलं. स्वतःचे गुण विरुद्ध साक्ष देत असतानाही! पुढे पक्ष्यांची कुळं ओळखण्यावर असेच प्रयोग झाले, तिथेही सरमिसळच सरस ठरली.

कारण समजायला हलव्याचं उदाहरण घेऊ. हलवा आणि पापलेट दोघेही चपटे, उंच अंगाचे. इंग्रजीत दोघांना ‘पॉम्फ्रेट’ हे एकच आडनाव आहे, म्हणून नवख्याला ते सख्खे भाऊ वाटतात. प्रत्यक्षात हलव्याचं कूळ वेगळं, पापलेटाचं वेगळं. संग्रहालयात नेमकं याचमुळे ते दूरदूरच्या फळ्यांवर बसतात आणि एकमेकांशेजारी कधी येतच नाहीत. बाजारात मात्र दोघं एकाच पाटीत. शेपटीच्या देठावरून बोट फिरवलं की हलव्याला कडक खवल्यांची खरखरीत धार लागते, पापलेट तिथे गुळगुळीत असतं. एकाच जातीच्या वस्तू ओळीनं पाहताना डोळा साम्य टिपत राहतो. ओळखण्यासाठी लागतो तो फरक, आणि फरक दिसायला दोन वेगळ्या वस्तू लागोपाठ हाताखाली याव्या लागतात. सुरमईचंही तसंच. मोठ्या सुरमईच्या अंगावर उभे नागमोडी पट्टे असतात आणि तिच्या कुशीवरची रेघ दुसऱ्या पाठपराच्या खाली एकदम घसरते. ठिपकेवाल्या सुरमईत ती रेघ हळूहळू उतरत जाते. पुस्तकात हे वाक्य चारदा वाचूनही डोक्यात बसत नाही, पण दोन्ही मासे शेजारी ठेवले की एकदाच पाहावं लागतं.

अर्थात नुसता गोंधळ कोणाला काही शिकवत नाही. तसं असतं तर रोज बाजारातून जाणारा प्रत्येक जण मत्स्यतज्ज्ञ झाला असता. बंदरावर दोन गोष्टी जास्तीच्या घडू शकतात. एक, विद्यार्थ्यानं आधी स्वतः नाव सांगायचं, चुकलं तरी चालेल. दुसरी, ते चुकलं की तिथल्या तिथे कोणीतरी दुरुस्त करायचं. हे दुसरं काम कोळणी फुकटात आणि फारशी भीड न ठेवता करतात. ‘‘अगो बाय, हलवा हाय तो, शेपटीकडं हात लाव.’’ कुळाचं लॅटिन नाव त्यांना माहीत नसेल, पण वर्गात सरांकडून पुढच्या आठवड्यात तपासून येणाऱ्या जर्नलपेक्षा हा शेरा अधिक कामाचा, कारण हात अजून माशावर असतो. आधी अंदाज करून चुकणं आणि मग उत्तर कळणं, हे थेट उत्तर वाचण्यापेक्षा स्मरणाला जास्त पोषक ठरतं, असं रिचलंड, कॉर्नेल आणि काओ यांनी २००९ मध्ये दाखवलं.

इथे मोबाइलचा विषय काढणं भाग आहे. सहलीला आलेली मुलं आधी फोटो काढतात आणि पुढे सरकतात. लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये संग्रहालयात फिरणाऱ्यांची परीक्षा घेतली, तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढला, तर हा तोटा झाला नाही. म्हणजे पूर्ण पाटीचा फोटो काढू नये, शेपटीच्या देठाचा काढावा.

आता त्या ‘दिवस फुकट गेला’ या भावनेकडे येऊ. २०१९ मध्ये हार्वर्डमध्ये लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या पहिल्या पायरीच्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाला उत्तम वक्त्याचं व्याख्यान, दुसऱ्याला तोच मजकूर, पण आधी स्वतः गणिताशी झगडायचं, मग उत्तर. झगडलेल्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले. आपण किती शिकलो असं वाटतं, या प्रश्नावर मात्र व्याख्यान ऐकणारे पुढे होते. ओघवतं बोलणं ऐकताना आपलंच डोकं ओघानं चालल्याचा भास होतो. क्षेत्रभेटीवरून आल्यावर ‘कशी वाटली सहल?’ असा फॉर्म भरून घेणाऱ्या विभागांनी हा निष्कर्ष भिंतीवर चिकटवावा. त्या फॉर्मवरून मुलांना मजा आली का हे कळेल, शिकली का हे कळणार नाही.

किनाऱ्यावर असा झगडा करायला माशांहून सोपी वस्तू आहे ती भरती. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. षष्ठी असेल तर सहा गुणिले पाऊण म्हणजे साडेचार, तेव्हा भरती साडेचारच्या सुमारास. अष्टमीला सहाला. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी आणि मधोमध ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीची कोष्टकं आता मोबाइलवर मिळतात, तेव्हा गुणाकार कशाला, असं कोणीही विचारेल. पण विद्यार्थ्याला हा पाऊण कुठून आला हे शोधायला सांगितलं, तर पदवीच्या पहिल्या वर्षाचं बरंच भौतिकशास्त्र त्यात सापडतं.

अमावास्या ते अमावास्या साडेएकोणतीस दिवसांचा काळ, त्याच्या तीस तिथी. तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळाचे पूर्ण २४ तास फिरून मूळ जागी येते. २४ तासांना तीसने भागलं की तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. प्रत्येक तिथीला तीन मिनिटांची चूक, पंधरा तिथींत पाऊण तासाची. म्हणूनच पौर्णिमेला हिशोब सव्वाअकरा दाखवतो, तर अचूक गणितानं बारा यायला हवेत. ही चूक साचत कशी जात नाही? कारण प्रतिपदेला मोजणी परत एकपासून सुरू होते. तोंडी गुणाकाराला सोपा आकडा घेऊन, झालेली चूक पंधरवड्यानं पुसून टाकणारी ही योजना कोणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे, पण ती हुशारीची आहे.

आणि मग समुद्र याहीपुढे काहीतरी सांगतो. खाडीत चार-सहा किलोमीटर आत उभं राहिलं तर पाणी तोंडापेक्षा उशिरा चढतं. वारा आणि किनाऱ्याचा आकार वेळ पुढेमागे ओढतात. वहीतलं उत्तर आणि खांबावरची पाण्याची खूण जुळत नाही, तेव्हा विद्यार्थ्याला दोनच वाटा असतात. आकडा बदलून वही नीट करायची, किंवा फरक का पडला याचा विचार करायचा. पहिली वाट किती रुळलेली आहे हे प्रात्यक्षिक घेणारे सगळे जाणतात.

याच हिशोबातून खडकाळ किनाऱ्याची भेट पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे का ठेवतात हेही कळतं. उधाणाची भरती बाराच्या आगेमागे, म्हणजे ओहोटी सहाच्या आगेमागे, आणि उधाणाला पाणी सर्वांत जास्त मागे हटतं. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे पाणी कमी हटतं तेव्हा गेलं, तर समुद्रफुलं (फुलांसारखे दिसणारे समुद्री प्राणी) असलेले खालचे खडक पाण्याखालीच राहतात. वेळापत्रकात ‘दुसरा शनिवार’ असं छापून भेटी ठरवणाऱ्या कॉलेजांतली मुलं बहुधा वरच्या खडकाला चिकटलेले बार्नॅकल हे कवचाचे जीव पाहून परततात.

एवढं वाचून ‘निसर्ग हीच खरी शाळा’ असं म्हणण्याचा मोह होईल. मला ते पटत नाही. जागेत जादू असती तर एका गाजलेल्या प्रयोगाचं भविष्य वेगळं झालं असतं. १९७५ मध्ये डंकन गॉडन आणि ॲलन बॅडली यांनी स्कॉटलंडमध्ये ओबानजवळ पाणबुड्यांना शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या, कधी किनाऱ्यावर, कधी पाण्याखाली. जिथे पाठ केलं तिथेच विचारलं तर जास्त आठवतं, असा निष्कर्ष निघाला आणि तो दशकानुदशकं पाठ्यपुस्तकांत छापला गेला. २०२१ मध्ये याप मुरे यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा हा परिणाम दिसला नाही. त्यापेक्षा १९७८ चा एक साधा प्रयोग मला जवळचा वाटतो. एकच यादी दोनदा वाचायची, पण दोन वेगवेगळ्या खोल्यांत. अशा लोकांना तिसऱ्या, नव्या खोलीत ती जास्त आठवली. याचा अर्थ बरण्या फेकून द्यायच्या नाहीत. बरणी आधी, बंदर नंतर, परत बरणी, असं फिरायचं.

वर्गाबाहेरच्या शिकण्यात मला सर्वांत दुर्लक्षित वाटते ती एसटी. राजापूर, लांजा, संगमेश्वराकडून रत्नागिरीला रोज ये-जा करणारी मुलं दिवसाचा मोठा तुकडा गाडीत घालवतात आणि परीक्षेच्या दिवसांत तिथे एकमेकांना प्रश्न विचारतात. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये असं दाखवलं, की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्यानं, न पाहता आठवून लिहिणारे पुढे जातात, ५६ विरुद्ध ४२. आणि शेजारच्या सीटवरच्यालाही उत्तर येत नसेल तर? २००९ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गावर झालेल्या अभ्यासात, सुरुवातीला गटातल्या कोणालाच उत्तर येत नव्हतं तरी आपसांत वाद घातल्यावर पुढच्या तशाच प्रश्नाला मुलं बरोबर उत्तर देऊ लागली. वाद घालायला मात्र गाडीत बसायला जागा मिळाली पाहिजे.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहतात. त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. वर्तमानपत्रात त्यांचे फोटो ‘शेतकऱ्यांना मार्गदर्शन’ अशा मथळ्याखाली येतात. आंब्याची शंभर कलमं बांधून झालेल्या बागायतदाराला विशीतला मुलगा कोय कलमाचं प्रात्यक्षिक दाखवतो, हे दृश्य थोडं विनोदी आहे खरं. पण शिकवायचं आहे या कल्पनेनंच अभ्यास बदलतो. २०१४ मध्ये जॉन नेस्टॉयको आणि सहकाऱ्यांनी काही जणांना सांगितलं, की हा मजकूर तुम्हाला पुढे कोणाला तरी शिकवायचा आहे. शिकवायची वेळ कोणावरच आणली नाही, सर्वांची चाचणीच घेतली. तरीही परीक्षेच्या तयारीनं वाचणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त आणि अधिक संगतवार आठवलं.

कलम हे तर हातानं समजायचं काम. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत, कोयीतून नुकतंच वर आलेलं, तांबूस पानांचं कोवळं रोप घ्यायचं, त्याला खाच द्यायची, कलमकाडीला पाचरीसारखा काप घ्यायचा आणि दोघांच्या अंतरसाली जुळवून प्लास्टिकची पट्टी बांधायची. वाक्य संपलं. पण काप किती खोल आणि पट्टी किती ताणायची, ते वाक्यात मावत नाही. मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांचं निरीक्षण केलं, तेव्हा दिसलं की शिकाऊ मुलगा शेवटच्या कामापासून सुरुवात करतो. आधी बटणं आणि दुमड, मग शिवण, कापड कापणं सर्वांत शेवटी, कारण तिथली चूक महाग पडते. रोपवाटिकेतही नवख्याच्या हाती चाकू पहिल्या दिवशी देऊ नये. आधी दुसऱ्याच्या कलमांना पट्ट्या बांधू द्याव्यात. बांधताना जुळलेला काप शंभरदा डोळ्यांखालून जातो आणि मग स्वतःचा काप चुकला हे त्याचं त्यालाच कळतं.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले आहेत. आता श्रेयांक म्हटले की अहवाल आला, आणि अहवाल म्हटला की गेल्या वर्षीच्या सीनियरची फाइल आली. त्यावर उपाय म्हणून जर्नलमध्ये एक रकाना वाढवून पाहायला हरकत नाही. ‘पाहण्यापूर्वी मला काय वाटलं होतं’ एवढाच. भरती किती वाजता येईल असं वाटलं, कोणता मासा कोणता वाटला. हा रकाना जागेवर जाण्याआधी पेननं भरायचा, खोडायचा नाही, आणि त्यातल्या चुकांचे गुण कापायचे नाहीत. वेळापत्रक आखतानाही एक ध्यानात ठेवावं लागेल. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. नवं वर्ष सुरू होतं तेव्हा बंदरं रिकामी, रोपवाटिका मात्र भरलेल्या. त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत कलमं आणि भातलावणी, आणि माशांची सरमिसळ ऑगस्टनंतर.